पेटीची पट्टी आणि पाच रेघा

स्वरलेखनाचे सॉफ्टवेअर आपल्याला काही शिकवण्याआधी प्रश्न विचारते. नवीन पान उघडले की वाद्य कोणते, षड्ज (सा) कोणत्या पट्टीचा, ताल किती मात्रांचा, लय किती आणि पहिला स्वर समेवर (तालाच्या पहिल्या मात्रेवर) पडतो की समेच्या आधी, हे सगळे त्याला एकही स्वर लिहिण्यापूर्वी हवे असते. पेटीवर बसणाऱ्याला हे प्रश्न कोणी शब्दांत विचारत नाही. गाणारी बाई आलाप घेते, बोटे पट्टी शोधतात, पखवाजवाला मान हलवतो आणि भजन सुरू होते. म्हणूनच भजनात, आरतीत किंवा नाट्यसंगीतात मुरलेल्या माणसाला सॉफ्टवेअरची ती पहिली खिडकीच अवघड वाटते, आणि त्याचा दोष तो बहुधा इंग्रजी मेनूंना किंवा स्वतःच्या वयाला देतो. माझे मत वेगळे आहे. मेनू थोड्या दिवसांत अंगवळणी पडतात. वेळ लागतो तो त्या प्रश्नांना, कारण आयुष्यभर गात आलेल्या चालीबद्दल ते आपण स्वतःला कधी विचारलेलेच नसतात. सुरुवात कशी करावी असे मला कोणी विचारले, तर मी एवढेच सांगते की जी चाल झोपेतही चुकणार नाही ती घ्यावी आणि या प्रश्नांची उत्तरे तिच्याकडूनच मिळवावीत.

गोव्यात या कामाला विशेष निकड आहे. इथे संगीत लिहिण्यावाचण्याच्या दोन परंपरा शेजारी शेजारी नांदत आल्या आणि त्यांची गाठ फार क्वचित पडली. पोर्तुगीज काळात चर्चला जोडलेल्या शाळांतून मेस्त्रे म्हणवणारे संगीतशिक्षक मुलांना सोल्फेज (लिहिलेले स्वर वाचून गाणे) आणि व्हायोलिन शिकवत असत, त्यामुळे कितीतरी ख्रिस्ती घरांत पाच रेघांवरचे, पाश्चात्य पद्धतीने लिहिलेले संगीत अक्षरांइतक्याच सहजतेने वाचले जाई. दुसरीकडे मंगेशी, केरी आणि कुर्डी या गावांनी दीनानाथ मंगेशकर, केसरबाई केरकर आणि मोगूबाई कुर्डीकर असे कलावंत दिले. ती विद्या गुरुमुखातून आली, आणि पुढच्या पिढ्यांसाठी जी काही कागदावर उतरली ती मुख्यतः पंडित विष्णु नारायण भातखंडे यांच्या पद्धतीने, सारेगमच्या अक्षरांना रेघा आणि टिंबे देऊन. पणजीच्या कला अकादमीत भारतीय आणि पाश्चात्य अशी दोन्ही संगीते शिकवली जातात. तरी गावातल्या देवळाचा सभामंडप आणि गावातले चर्च यांच्यात संगीताचा कागद इकडून तिकडे गेल्याचे मी लहानपणी कधी पाहिले नाही.

मी या वाटेला वळले ती अशाच एका कागदासाठी. फोंडा तालुक्यातल्या आमच्या महिला भजनी मंडळाबरोबर चवथीच्या दिवसांतल्या एका कार्यक्रमात शेजारच्या गावच्या चर्चमधले एक व्हायोलिनवादक आणि एक क्लॅरिनेटवादक साथ करणार असे ठरले. दोघेही वयाने आणि अनुभवाने मोठे. त्यांनी पहिल्याच भेटीत अगदी स्वाभाविकपणे विचारले, "टीचर, म्युझिक लिहून कधी मिळेल?" आमच्याकडे वही होती, भातखंडे पद्धतीने नीट लिहिलेली, पण ती त्यांच्या उपयोगाची नव्हती, आणि त्यांच्या उपयोगाचा कागद आमच्या मंडळात कोणालाच वाचता येत नव्हता. दोघांनाही वाचता येईल असा एकच कागद तयार करायचा, हे माझे काम ठरले.

सॉफ्टवेअर कोणते घ्यावे यावर लोक फार वेळ घालवतात, तेवढा घालवण्याचे कारण नाही. मी म्यूझस्कोअर घेतले, कारण ते मोफत आणि मुक्त स्रोताचे आहे, साध्या संगणकावर चालते आणि नवशिक्याला लागते ते सगळे त्यात आहे. वेर्नर श्वेअर या जर्मन संगणकतज्ज्ञाने त्याचे काम २००२ साली सुरू केले. चौथी आवृत्ती डिसेंबर २०२२ मध्ये आली. सिबेलियस आणि डोरिको ही व्यावसायिकांची साधने आहेत आणि त्यांच्या पूर्ण आवृत्त्यांना पैसे पडतात. लिलीपाँड हेही मोफत आहे, पण त्यात स्वर माउसने न ठेवता अक्षरांत टंकून लिहावे लागतात, तेव्हा ते दुसऱ्या टप्प्यासाठी राखून ठेवावे. एक सावधगिरी मात्र पहिल्या दिवसापासून पाळावी. १९८८ पासून चालत आलेल्या फिनाले या नामांकित सॉफ्टवेअरचा पुढील विकास थांबवत असल्याचे ऑगस्ट २०२४ मध्ये जाहीर झाले, आणि जगभरच्या संगीतकारांपुढे आपल्या जुन्या फायली कुठे न्यायच्या हा प्रश्न उभा राहिला. म्हणून प्रत्येक चाल म्यूझिक एक्सएमएल या सामाईक स्वरूपातही जतन करावी. बहुतेक सगळी सॉफ्टवेअर ते उघडू शकतात. शिवाय पीडीएफ काढून ठेवावी, म्हणजे काहीच उघडले नाही तरी छापलेला कागद हाती राहतो.

चाल निवडताना मोह आवरावा लागतो. आपल्याला सर्वांत प्रिय असलेले नाट्यपद किंवा अभंग घेऊन बसावे असे प्रत्येकाला वाटते, आणि त्यातल्या ताना, मुरक्या आणि मध्येच सोडलेल्या जागा लिहिता लिहिता उत्साह संपतो. मी गावातल्या आरतीची चाल घेतली. ती छोटी आहे, तिचे प्रत्येक कडवे एकाच चालीत आहे, तिच्यात बहुतेक शुद्ध स्वर आहेत आणि ती शंभर माणसे एकत्र म्हणतात; म्हणजे तिचा सांगाडा इतका पक्का आहे की एखाद्याने हरकत घेतली तरी तो हलत नाही. लिहायला सुरुवात अशाच सांगाड्यापासून करावी.

आता पट्टीचा प्रश्न. आमचे मंडळ काळी चारमध्ये गाते. पेटीवर काळी चार म्हणजे पांढरी एकपासून मोजलेली चौथी काळी पट्टी, बोटाला ती इतर कोणत्याही पट्टीइतकीच जवळची. पाच रेघांवर मात्र प्रत्येक पट्टीची किंमत वेगवेगळी आहे. पांढरी एक, म्हणजे सी, घेतली तर शुद्ध स्वरांच्या चालीत एकही चिन्ह लागत नाही. काळी एक घेतली तर सॉफ्टवेअर दोन पर्याय देते, सात शार्प (स्वर अर्धा चढवणारी चिन्हे) किंवा पाच फ्लॅट (अर्धा उतरवणारी). ऐकायला दोन्ही एकच, पण वाचणाऱ्याला पाच फ्लॅट बरेच सोपे. काळी चारला चार फ्लॅट लागतात आणि काळी पाचला फक्त दोन. याच्याही पुढे वाद्याचा स्वभाव येतो. व्हायोलिनच्या चार मोकळ्या तारा जी, डी, ए आणि ई या स्वरांत असतात. षड्ज काळी चारचा ठेवला तर त्या तारा अनुक्रमे शुद्ध निषाद, तीव्र मध्यम, कोमल ऋषभ आणि कोमल धैवत होतात. शुद्ध स्वरांच्या चालीत त्यांपैकी फक्त निषादाची तार कामाची राहते. षड्ज काळी पाचचा केला की त्याच तारा धैवत, गंधार, निषाद आणि तीव्र मध्यम होतात, म्हणजे चारांतल्या तीन उपयोगी पडतात. बी फ्लॅट क्लॅरिनेटला तर काळी पाच म्हणजे घरचीच पट्टी: त्या वाद्याचा कागद एक पूर्ण स्वर वर लिहिला जातो, त्यामुळे काळी पाचचे भजन त्याच्या कागदावर एकही फ्लॅट किंवा शार्प न लागता उतरते. हे सगळे सॉफ्टवेअर स्वतःहून करते. वाद्याच्या यादीत क्लॅरिनेट निवडले की त्याचा कागद आपोआप चढवून छापला जातो, आणि आपल्याला सगळे मूळ पट्टीत पाहायचे असेल तर तशीही सोय आहे.

मी आधी सगळी चाल पांढरी एकमध्ये लिहिली आणि नंतर पूर्ण पान निवडून ते काळी पाचवर चढवले. नवशिक्याने हाच क्रम ठेवावा असे माझे ठाम मत आहे, कारण पांढरी एकमध्ये षड्ज म्हणजे सी, ऋषभ म्हणजे डी, गंधार म्हणजे ई असा सरळ जोड लागतो आणि लक्ष चालीवर राहते. पण पट्टी बदलण्याचा निर्णय सॉफ्टवेअरचा नसतो. काळी चारवरून काळी पाचवर गेले की वरच्या पंचमापाशी आमच्या ज्येष्ठ भगिनींचा आवाज ताणला जातो; तो ताण योग्य की वादकांची अडचण योग्य, हे तालमीत बसूनच ठरवावे लागते. आम्ही काळी पाच घेतली आणि वरची ओळ तरुण मुलींकडे दिली.

पट्टीनंतर येतो थाट, म्हणजे रागात लागणाऱ्या सात स्वरांचा मूळ संच, आणि इथे मला खरा अभ्यास घडला. पाच रेघांच्या सुरुवातीला जी फ्लॅट-शार्पची चिन्हे मांडतात, ती ठरलेल्या क्रमानेच येतात: फ्लॅट असतील तर आधी बी, मग ई, मग ए, मग डी, शार्प असतील तर आधी एफ, मग सी. षड्ज पांढरी एकचा धरून भातखंड्यांचे दहा थाट या क्रमात बसवून पाहिले, की सहा थाट बरोबर बसतात. बिलावलला एकही चिन्ह नाही, कल्याणला एक शार्प, खमाजला एक फ्लॅट, काफीला दोन, आसावरीला तीन आणि भैरवीला चार. भैरव, पूर्वी, मारवा आणि तोडी हे चार थाट मात्र कोणत्याही तयार चिन्हात बसत नाहीत. भैरवला कोमल ऋषभ आणि कोमल धैवत हवेत, म्हणजे डी आणि ए हे दोनच फ्लॅट. पण दोन फ्लॅटचे तयार चिन्ह बी आणि ई यांचे आहे. तोडीत तर कोमल स्वर आणि तीव्र मध्यम एकत्र येतात, म्हणजे फ्लॅट आणि शार्प दोन्ही. सॉफ्टवेअरमध्ये असे मिश्र चिन्ह स्वतः बनवून ठेवता येते, पण माझ्या अनुभवाने वाचणाऱ्याची नजर त्यावर अडखळते, आणि त्यापेक्षा ज्या त्या स्वरापुढे चिन्ह दिलेले वादकांना अधिक रुचते.

दुसरी गोष्ट लिहिणाऱ्याने कागदाच्या माथ्यावर नोंदवलीच पाहिजे: षड्ज कुठे आहे. चार फ्लॅट पाहिले की पाश्चात्य पद्धतीत शिकलेला वादक ए फ्लॅट किंवा एफ हा मूळ स्वर मानतो आणि वाक्य तिथे विसावेल अशी अपेक्षा करतो. आपली भैरवी त्याच चार फ्लॅटमध्ये सीवर विसावते. "षड्ज सी" एवढे दोन शब्द वर लिहिले की त्याच्या वाजवण्यात लगेच फरक पडतो. कोमल गंधार लिहिताना तो ई फ्लॅट म्हणूनच लिहावा, डी शार्प म्हणून लिहू नये. पेटीवर पट्टी एकच असते, पण कागदावर गंधाराची जागा ई हीच आहे, आणि डीच्या जागी लिहिलेला कोमल गंधार वाचणाऱ्याला ऋषभाचाच एक प्रकार वाटतो. मिडी कीबोर्ड (संगणकाला जोडता येणारी पट्ट्यांची पेटी) जोडून स्वर भरले तर सॉफ्टवेअर कधी कधी असा चुकीचा पर्याय निवडते. स्वर निवडून जे ही कळ दाबली की दुसरे रूप मिळते.

तालाचा प्रश्न मला पट्टीपेक्षाही अवघड वाटतो. भातखंडे पद्धतीत मात्रेचे घर आधी आखलेले असते आणि स्वर त्या घरात जाऊन बसतो. स्वर लांबला तर पुढच्या घरात आडवी रेघ येते, शब्दातले अक्षर लांबले तर अवग्रह येतो, आणि एका मात्रेत दोन-तीन स्वर आले तर त्यांच्याखाली कंस येतो. स्वराच्या अक्षरावर त्याची लांबी लिहिलेली नसते. पाच रेघांवर याच्या उलट आहे. प्रत्येक स्वर आपली लांबी आपल्या आकारातच घेऊन येतो, आणि बारमधल्या (उभ्या रेघांत बसवलेल्या मात्रांच्या गटातल्या) सगळ्या लांबींची बेरीज अचूक भरावी लागते. सॉफ्टवेअर ही बेरीज स्वतः सांभाळते. स्वर बारच्या बाहेर जात असेल तर तो तोडून पुढच्या बारमध्ये बांधून देते. पण एक मात्रा म्हणजे कोणता आकार, हे आपण ठरवायचे. मी एक मात्रा म्हणजे एक क्रॉचेट धरते. मग अर्धी मात्रा क्वेव्हर, दोन मात्रा मिनिम, आणि कागद डोळ्यांना मोकळा दिसतो.

आमची आरती आठ मात्रांच्या ठेक्यात आहे. ती चार-चारच्या दोन बारमध्ये लिहिली तर कोणताही वादक ती विनासायास वाचतो, पण मग दुसऱ्या बारचा पहिला ठोका त्याला समेइतकाच जोरकस वाटतो. खालीची, म्हणजे टाळी न देता हलकी सोडायच्या जागेची, कल्पना पाच रेघांच्या लेखनात मुळात नाही. आठ मात्रांचा एकच लांब बारही करता येतो. तो तालाला प्रामाणिक आहे, पण वाचायला थकवणारा. मी चार-चारचे बार ठेवले, समेच्या बारवर भातखंडे पद्धतीची फुली आणि खालीच्या बारवर शून्य लिहिले, आणि व्हायोलिनवादकांना त्याचा अर्थ एकदा टाळी देऊन दाखवला. त्यानंतर त्यांनी गज कुठे हलका करायचा हे स्वतःच ठरवले. झपतालासारखा दहा मात्रांचा ताल असेल तर तालचिन्हाच्या वरच्या जागी दोन, तीन, दोन, तीन अशी बेरीज लिहिण्याची सोय आहे, आणि ती मला या सॉफ्टवेअरमधली फार समजूतदार सोय वाटते. दादऱ्याला सहाचे चिन्ह पुरते, कारण तीन आणि तीन हा विभाग दोन्हीकडे सारखाच आहे.

मुखडा समेच्या आधी सुरू होत असेल तर पहिली खिडकी भरतानाच अपूर्ण बार मागून घ्यावा. तसे न करता लिहीत गेले की सगळी चाल सरकते आणि सम भलत्याच शब्दावर पडते. चालीची सम कोणत्या अक्षरावर आहे हे लिहिण्यापूर्वी हाताने टाळी देऊन पक्के करावे. कित्येक भजनांत ती शब्दाच्या मध्यावर असते आणि गाताना आपल्याला ते जाणवतही नाही.

प्रत्यक्ष स्वर भरणे या सगळ्यापुढे सोपे आहे. एन ही कळ दाबली की लेखन सुरू होते. आकड्यांनी लांबी ठरते: पाच म्हणजे क्रॉचेट, चार म्हणजे क्वेव्हर, सहा म्हणजे मिनिम, मग स्वराचे इंग्रजी अक्षर दाबायचे. शून्य दाबले की विराम पडतो. स्वर चुकीच्या सप्तकात गेला तर कंट्रोल धरून वरचा किंवा खालचा बाण दाबावा, आणि नुसता बाण दाबला तर स्वर अर्ध्या स्वराने सरकतो, म्हणजे कोमल-तीव्र करण्याचे काम त्यावरच होते. माउसने एकेक स्वर उचलून रेघांवर ठेवण्याची सवय लागू देऊ नये. डावा हात आकड्यांवर आणि उजवा अक्षरांवर ठेवला की लिहिण्याला लय येते, आणि लय आली की चाल मनात गात गात लिहिता येते.

शब्दांसाठी स्वर निवडून कंट्रोल आणि एल दाबावे. एका स्वराखाली एक अक्षर लिहायचे. शब्द तोडून पुढच्या स्वरावर जायचे असेल तर जोडरेघ, शब्द संपला असेल तर स्पेस, आणि एकच अक्षर अनेक स्वरांवर खेचले असेल तर अधोरेघ. देवनागरी चालते, पण फाँट नीट निवडावा लागतो आणि स्वर भरताना कीबोर्ड इंग्रजीवर, शब्द भरताना मराठीवर न्यावा लागतो. जोडाक्षर कुठे तोडायचे हे लेखनावर न ठरवता गाण्यावर ठरवावे, कारण गाताना आधीचे व्यंजन पुष्कळदा मागच्या स्वराला जाऊन मिळते. मी शब्दांच्या दोन ओळी केल्या. पहिल्या ओळीत सरगम, दुसऱ्या ओळीत आरतीचे शब्द. सरगममधल्या कोमल स्वराखालची रेघ आणि तीव्र मध्यमावरची उभी रेघ यांसाठी वैदिक पाठाची स्वरचिन्हे युनिकोडमध्ये आहेत, ती इथे बरोबर लागू पडतात. अशा रीतीने वरच्या पाच रेघा व्हायोलिनवादक वाचतात, खालची सरगम आमच्या मंडळातल्या बायका वाचतात, आणि तालमीत "तिसऱ्या ओळीपासून पुन्हा" असे म्हटले की सगळ्यांचे बोट एकाच जागी जाते. माझ्या मते या साऱ्या खटाटोपाचे फळ हेच आहे.

स्पेस दाबली की सॉफ्टवेअर लिहिलेले वाजवून दाखवते. लांबी चुकली आहे का, स्वर सप्तक सोडून गेला आहे का, हे तपासायला ते उत्तम आहे. त्यावरून चाल शिकू नये आणि शिकवूही नये. यंत्राचे अर्धे स्वर समान अंतराचे आहेत, पेटीचेही तसेच आहेत, आणि मुख्यतः अशाच आक्षेपांमुळे आकाशवाणीने १९४० ते १९७१ या काळात पेटीला दूर ठेवले होते. आपल्या कानाला जो कोमल ऋषभ हवा असतो तो भैरवात एक आणि तोडीत दुसरा. कागदावर दोघांचे चिन्ह एकच पडते.

मग कागदाला कमी लेखावे का? मला तसे वाटत नाही, आणि त्याला गोव्याचाच आधार आहे. मुंबईच्या चित्रपटसंगीतात ज्या गोव्याच्या संयोजकांनी आणि वादकांनी काम केले, त्यांचे काम मुख्यतः हेच होते: संगीतकार पेटीवर चाल गाऊन दाखवी, आणि अँथनी गोन्साल्विस किंवा सेबॅस्टियन डिसोझा यांच्यासारखा माणूस ती ऐकून पन्नास वादकांसाठी पाच रेघांवर उतरवी. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस व्हायोलिन शिकवीत, लक्ष्मीकांत-प्यारेलाल या जोडीतले प्यारेलाल त्यांचे शिष्य. १९५८ साली गोन्साल्विस यांनी इंडियन सिम्फनी ऑर्केस्ट्रा उभा केला तो रागांना वाद्यवृंदाच्या कागदावर आणण्याच्या ध्यासातूनच. ज्या चाली आपण मराठमोळ्या किंवा हिंदुस्थानी म्हणून गुणगुणतो, त्यांतल्या कितीतरी चाली ध्वनिमुद्रणाच्या दिवशी अशा कागदावरून वाजल्या. त्यांनी पेन्सिलीने जे केले ते आपण कीबोर्डने करतो. ऐकलेल्यातले काय लिहायचे आणि काय वादकाच्या हातावर सोडायचे, हा निर्णय त्यांनाही घ्यावा लागला असणार.

हा निर्णय मला हळूहळू उमगत गेला. कण स्वर (मुख्य स्वराला ओझरता लागणारा स्वर) छोट्या आकाराच्या स्वराने लिहिता येतो. मिंडीसाठी, म्हणजे एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाण्यासाठी, दोन स्वरांमध्ये तिरकी रेघ आहे, पण ती मिंड कुठे सुरू होते, कुठे रेंगाळते, हे रेघ सांगत नाही. दरबारी रागातल्या गंधाराचे आंदोलन (सावकाश डोलणे) लिहिण्याचा प्रयत्न केला तर पान स्वरांनी काळे होते आणि आंदोलन हरवते. १९७७ मध्ये व्हॉयेजर यानांबरोबर जी तबकडी अंतराळात गेली, तिच्यात आमच्या फोंड्याच्या केरीच्या केसरबाईंची भैरवी आहे. त्याच तबकडीतल्या चित्रांत व्हायोलिनबरोबर बीथोव्हेनच्या एका रचनेचे छापील पान आहे. बीथोव्हेनचा कागद आणि आवाज दोन्ही पाठवता आले, केसरबाईंचा फक्त आवाज. यात मला कोणाचेच उणेपण दिसत नाही. कागद कोणासाठी आहे ते आधी ठरवावे. सोबत वाजवणाऱ्यासाठी असेल तर सांगाडा, ताल, थांबण्याच्या जागा आणि पुन्हा सुरू करण्याच्या जागा एवढे पुरे. मिंड तालमीत शेजारी बसून दिली जाते, आणि आमच्या व्हायोलिनवादकांनी ती अशीच घेतली.

घुमट, म्हणजे आमचे मातीचे तालवाद्य, अजून बाकी आहे. चवथीची आरती घुमट, शामेळ (काठ्यांनी वाजवायचे तालवाद्य) आणि कांसाळ्याशिवाय (झांजांशिवाय) आमच्याकडे होत नाही, आणि २०१९ मध्ये गोवा सरकारने घुमटाला राज्याचे वारसा वाद्य म्हणून मान्यताही दिली. पण सॉफ्टवेअरच्या वाद्यांच्या यादीत ते नाही. तेव्हा एका रेघेची तालवाद्याची ओळ घेऊन तिला घुमट हे नाव द्यावे लागते. मातीच्या भांड्याच्या मोठ्या तोंडावर चामडे आणि दुसरे लहान तोंड उघडे. उजवा हात चामड्यावर आघात करतो आणि डावा हात उघडे तोंड झाकतो किंवा सोडतो, त्यातून आवाज खोल होतो किंवा बंद होतो. हे दाखवण्यासाठी मी तालवाद्यांच्या लेखनातली रूढ चिन्हेच घेतली, स्वरावर शून्य म्हणजे तोंड उघडे आणि अधिकचे चिन्ह म्हणजे झाकलेले, आणि ऐकण्यापुरता कोंगाचा आवाज लावला. शामेळाच्या काठ्यांसाठी त्याच रेघेच्या वरच्या बाजूला वेगळी ओळ केली, आणि कांसाळ्याला समेवर फक्त फुलीच्या आकाराचा स्वर दिला.

घुमट वाजवणारा मुलगा आमच्याच वाड्यावरचा आहे, तो कागद वाचत नाही आणि त्याने वाचावा असा माझा आग्रहही नाही. त्याची ओळ मी लिहिली ती व्हायोलिन आणि क्लॅरिनेट यांच्यासाठी, म्हणजे त्यांना आपल्या शेजारी काय वाजणार आहे ते डोळ्यांनी आधी कळावे. ठेक्याची पहिली दोन आवर्तने पूर्ण लिहिली, पुढच्या बारांत सॉफ्टवेअरमधल्या तिरप्या रेघा भरून "ठेका चालू" असे वर लिहिले, कारण तिथे तो दर कडव्याला वेगळे वाजवतो आणि त्याने तसेच वाजवावे. लय कडव्यागणिक चढते, तीही आकड्यांत बांधली नाही. चढण सुरू होते तिथे फक्त शब्दांत नोंद केली. शेवटच्या कडव्याची तिहाई (तीनदा वाजवून समेवर संपवायचा तुकडा) मात्र आघातागणिक लिहून काढली आहे, कारण तिच्या शेवटच्या ठोक्यावर गज आणि फुंक दोन्ही एकाच वेळी थांबायला हवेत, आणि त्या दोघांनी ती जागा मागून घेतली होती.